सनदांचं साल

दिल्लीत कामासाठी येणाऱ्या मराठी माणसाच्या हातात बहुधा एक फाइल असते. प्लास्टिकची, दोरीची, कधी नुसती वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनाच्या दारात मी पंचवीस-तीस वर्षं या फाइली पाहते आहे. सकाळी त्या घाईघाईने बाहेर पडतात आणि संध्याकाळी सावकाश परततात. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्यांतली एक फाइल माझ्या मामांची होती. साताऱ्याजवळच्या आमच्या आजोळच्या गावातल्या एका जमिनीच्या मंजुरीचा कागद इथल्या एका कार्यालयात अडकला होता. मामा तीन दिवसांसाठी म्हणून आले आणि नऊ दिवस राहिले.

मधला रविवार मोकळा होता. मंडी हाउसच्या चौकात चहा घेताना मामांनी विचारलं, "आपले लोक फौज घेऊन दिल्लीत पहिल्यांदा कधी आले गं? बाजीराव आला तेव्हाच ना?"

"त्याच्याही आधी अठरा वर्षं," मी म्हटलं. "१७१९ साली बाजीरावाचे वडील आले होते. आणि मामा, तेही कागदासाठीच आले होते."

मामा हसले. मग फाइल काखेत घट्ट धरून म्हणाले, "मग मिळाला का त्यांना?"

त्या दिवशी त्यांना जे तुकड्यातुकड्याने सांगितलं, ते इथे सलग लिहिते आहे. कारण आपल्याकडे या सालाबद्दल दोनच वाक्यं ऐकू येतात. एक अभिमानाचं : दिल्लीच्या बादशहाने मराठ्यांना चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्या. दुसरं नाराजीचं : शिवछत्रपतींच्या नातवाने त्या सनदांसाठी बादशहाची चाकरी कबूल केली. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि दोन्ही सनदांशी येऊन थांबतात. त्या वर्षी दिल्लीत काय काय झालं, कोण मेलं, कोण सुटलं, हे त्यांत कुठे येत नाही.

गोष्ट तीस वर्षं आधी सुरू होते. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची हत्या झाली. रायगडाला मोगलांचा वेढा पडला. तेव्हा येसूबाईंनी राजाराम महाराजांना गडाबाहेर पडायला सांगितलं आणि स्वतः सात वर्षांच्या शाहूला घेऊन गडावर राहिल्या, असं बखरी सांगतात. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या छावणीत गेले. पुढची अठरा वर्षं औरंगजेबाची छावणी जिथे हलेल तिथे त्यांचे तंबू हलत राहिले. त्या छावणीत बादशहाची मुलगी झीनतुन्निसा यांनी त्यांना मायेने वागवलं. याच झीनतुन्निसांनी दर्यागंजमध्ये बांधलेली मशीद आजही उभी आहे. मंडी हाउसहून लाल किल्ल्याकडे जाताना ती वाटेजवळच लागते.

१७०७ साली औरंगजेब वारला. त्याचा मुलगा आझमशहा याने शाहूंना सोडलं, पण येसूबाईंना सोडलं नाही. मुलगा सरळ वागावा म्हणून आई ओलीस राहिली. त्यानंतर त्या दिल्लीला आल्या. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्याला झाला तेव्हा त्यांची आई शत्रूच्या राजधानीत होती. आणि घरातही सगळं सरळ नव्हतं. ताराबाईंनी शाहूंचा हक्क नाकारला होता. पुढे कोल्हापुरात राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर बसले. दोन गाद्या झाल्या आणि सरदार आज इकडे, उद्या तिकडे. १७१३ साली पेशवाई मिळालेल्या बाळाजी विश्वनाथाची पहिली काही वर्षं या सरदारांना वळवण्यातच गेली.

आता दिल्लीकडे बघू. तिथे फर्रुखसियर बादशहा होता. त्याला गादीवर बसवलं होतं सय्यद बंधूंनी, वजीर अब्दुल्ला खान आणि धाकटा हुसेन अली खान यांनी. ज्यांनी बसवलं त्यांचीच बादशहाला भीती वाटू लागली. त्याने हुसेन अलीला दख्खनच्या सुभेदारीवर पाठवलं आणि मागून त्याच्याविरुद्ध इतरांना चिथावलं. हुसेन अलीला दख्खनमध्ये मराठ्यांशी लढत बसणं परवडेना. शंकराजी मल्हार हे पूर्वी राजाराम महाराजांच्या दरबारी होते, ते आता हुसेन अलीकडे होते. त्यांच्या मध्यस्थीने १७१८ साली करार ठरला.

कराराची कलमं थोडक्यात अशी. शिवाजी महाराजांच्या वेळचं स्वराज्य शाहू महाराजांकडे राहावं. औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बिदर, हैदराबाद आणि विजापूर या दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई, म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी, म्हणजे दहावा हिस्सा, मराठ्यांनी घ्यावा. त्याबदल्यात शाहूंनी दरसाल दहा लाख रुपये पेशकश द्यावी, पंधरा हजार स्वार बादशहाच्या चाकरीला ठेवावेत आणि मुलखात चोरी-दरोडा होऊ देऊ नये. येसूबाई आणि इतर आप्तांना सोडून द्यावं. सहा सुभ्यांचं उत्पन्न कागदावर अठरा कोटींच्या आसपास धरलेलं होतं. प्रत्यक्ष वसूल त्याच्या जवळपासही नव्हता.

फर्रुखसियरने या कराराला मान्यता दिली नाही. त्याला कागद देणं नवं नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी जॉन सरमनच्या वकिलातीने बराच काळ दिल्लीत तळ ठोकून त्याच्याकडून इंग्रज कंपनीसाठी फर्मान मिळवलं होतं. वर्षाला तीन हजार रुपये भरले की बंगालमध्ये जकात माफ. त्या फर्मानाचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. मराठ्यांना मात्र त्याने नाही म्हटलं. तेव्हा हुसेन अली १७१८ च्या अखेरीस फौज घेऊन दिल्लीकडे निघाला. त्याच्याबरोबर बाळाजी विश्वनाथ आणि पंधरा-सोळा हजार मराठे होते. अठरा वर्षांचा बाजीरावही होता.

सुभेदाराने बोलावल्याशिवाय राजधानीवर फौज नेणं म्हणजे बंडच. त्याला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि ते मोठं चमत्कारिक शोधलं गेलं. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ साली संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता. काही वर्षं कोकणात राहून १६८७ साली तो इराणला निघून गेला. त्याचा एक मुलगा शाहूंच्या हाती सापडला आहे, तो मी बादशहाच्या हवाली करायला आणतो आहे आणि त्याच्या मोबदल्यात शाहूंच्या मातोश्रींना सोडायचं ठरलं आहे, असं हुसेन अलीने कळवलं. एका माणसाला शहजाद्याच्या इतमामाने, पडद्याआड, हत्तीवरून आणलं गेलं. इतिहासकार त्याला बनावटच मानतात. पण येसूबाईंच्या सुटकेचं नाव घेऊन ही फौज दिल्लीत आली, एवढं खरं.

फेब्रुवारी १७१९ मध्ये हुसेन अली राजधानीजवळ पोचला. बादशहाच्या जवळपास प्रजेने नौबत वाजवायची नसते. त्याने वाजवली. महिना संपता संपता किल्ल्याचे दरवाजे सय्यदांच्या ताब्यात गेले. बाहेरच्या रस्त्यांवर मराठ्यांची पथकं उभी होती.

२८ फेब्रुवारीच्या सकाळी शहरात अफवा उठल्या. वजिराला आत मारलं, बादशहा बाहेर येतो आहे, असं कोणी काही, कोणी काही बोलू लागलं. बादशहाच्या बाजूचे सरदार आपापली माणसं घेऊन निघाले आणि किल्ल्यासमोरच्या बाजारांत मराठ्यांशी त्यांची चकमक झाली. अरुंद गल्ल्यांत घोडदळाचा उपयोग नव्हता. मराठे मागे सरले, आणि ते सरताहेत हे दिसताच बाजारातले लोकही हाताला येईल ते घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. समकालीन इतिहासकार खाफी खान मेलेल्या मराठ्यांचा आकडा दीड हजाराच्या आसपास देतो. काही जण दोन हजार म्हणतात. त्यांचा एक सरदार संताजी भोसले तिथेच पडला. बाळाजी महादेव भानूही मारले गेले. ते नाना फडणविसांचे आजोबा. बाळाजी विश्वनाथावर चाल करून आलेला जमाव त्यांनी स्वतःवर घेतला, अशी कथा पुढे सांगितली जात असे.

मामांना मी ती जागा दाखवली. मंडी हाउसहून मेट्रोचं चौथं स्थानक लाल किल्ल्याचं. किल्ला आणि जामा मशीद यांच्या मधली दाट वस्ती १८५७ नंतर इंग्रजांनी पाडली, म्हणून आज तिथे मोकळं मैदान दिसतं. मामा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "लोकांनी का मारलं पण? यांनी त्यांचं काय केलं होतं?"

प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याला आवडेल असं नाही. दिल्लीकरांच्या नजरेने ही परक्या मुलखातली भाडोत्री फौज होती. पगार सय्यदांचा आणि काम बादशहाला गादीवरून ओढण्याचं. त्या बाजारातल्या माणसाला स्वराज्य, येसूबाई, चौथाई यांतलं काही ठाऊक नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच, की आपल्या दारात हत्यारबंद अनोळखी स्वार उभे आहेत.

त्याच दिवशी फर्रुखसियरला जनानखान्यातून ओढून बाहेर काढलं, आंधळं केलं आणि कोठडीत टाकलं. एप्रिलमध्ये त्याला गळा दाबून मारलं. त्याच्या जागी रफीउद्दरजात नावाच्या विशीतल्या क्षयरोगी शहजाद्याला बसवलं. किल्ल्यासमोरच्या प्रेतांचं सुतक फिटायच्या आत, ३ मार्चला चौथाईची सनद तयार झाली आणि १५ मार्चला सरदेशमुखीची. स्वराज्याची सनदही याच खेपेला मिळाली. २० मार्चला बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून निघाला. कागद बरोबर होते. येसूबाई आणि संभाजी महाराजांचा दुसरा मुलगा मदनसिंग बरोबर होते.

ज्याच्या नावाने सनदा मिळाल्या त्या बादशहाची कारकीर्द सव्वातीन महिन्यांची. जूनमध्ये तो पायउतार झाला आणि काही दिवसांत वारला. मग त्याचा थोरला भाऊ दुसरा शहाजहान या नावाने बसला. तो सप्टेंबरात वारला. त्याच महिन्याअखेर मुहम्मदशहाला बसवलं. एका वर्षात गादीवर चार जण. पण मला या वर्षातला पाचवा माणूस जास्त आठवतो.

त्याचं नाव नेकुसियर. हा अकबराचा खरा मुलगा. बाप बंड करून निघाला तेव्हा हा दीड-दोन वर्षांचा होता. तेव्हापासून तो आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता. मे १७१९ मध्ये किल्ल्यातल्या शिबंदीने सय्यदांविरुद्ध उठाव केला आणि याच कैद्याला बादशहा म्हणून पुढे केलं. सगळं आयुष्य भिंतींच्या आत गेलेला, चाळिशीला आलेला माणूस. ऑगस्टमध्ये हुसेन अलीने किल्ला घेतला. नेकुसियरला दिल्लीला आणून लाल किल्ल्याला लागून असलेल्या सलीमगडात टाकलं. तिथेच काही वर्षांनी तो मेला.

अकबराचा बनावट मुलगा हत्तीवरून मिरवत दिल्लीला आला आणि खरा मुलगा तीन महिने बादशहा होऊन पुन्हा कोठडीत गेला. ज्या अकबराला येसूबाईंच्या पतीने आश्रय दिला, त्याच्या नावाच्या निमित्ताने येसूबाई सुटल्या आणि त्याचा मुलगा मात्र सुटला नाही. त्याच वर्षी आणखी एक स्त्री दिल्लीहून आपल्या घरी परतली. जोधपूरच्या अजितसिंहाची मुलगी फर्रुखसियरला दिली होती. सासऱ्याने जावयाविरुद्ध सय्यदांना साथ दिली आणि विधवा मुलीला परत जोधपूरला नेलं. राज्यांच्या व्यवहारात या माणसांना कोणी काही विचारलं नव्हतं. कोणाला ओलीस ठेवलं, कोणाला मोहरा केलं, कोणाला तहाचं कलम केलं.

जुलैच्या सुरुवातीला येसूबाई साताऱ्याला पोचल्या. रायगड सोडून एकोणतीस वर्षं होऊन गेली होती. मुलाला शेवटचं पाहून बारा वर्षं. निरोप घेतला तेव्हा शाहू पंचविशीचे होते, आता सदतीस वर्षांचे छत्रपती. कैदेत मोठा झालेला मुलगा आणि दोन्हीकडच्या कैदा पाहिलेली आई. तहाच्या बाकी सगळ्या कलमांवर पुढे वाद झाले, लढाया झाल्या. हे एक कलम पूर्ण अमलात आलं.

मग त्या कागदांचं काय? मामांचा मूळ प्रश्न तोच होता.

सनदा देणाऱ्यांची सत्ता फार टिकली नाही. १७२० च्या ऑक्टोबरात हुसेन अलीचा खून झाला, नोव्हेंबरात अब्दुल्ला खान कैद झाला. बाळाजी विश्वनाथही तोवर गेला होता. २ एप्रिल १७२० ला सासवडला त्याचा मृत्यू झाला आणि पेशवाईची वस्त्रं बाजीरावाला मिळाली. दख्खनमध्ये निजामुल्मुल्क आला. त्याने सनदांवर फार साधा प्रश्न विचारला : चौथाई छत्रपतींना द्यायची हे ठीक, पण खरे छत्रपती कोण, साताऱ्याचे की कोल्हापूरचे? ते ठरेपर्यंत वसूल बंद. याचं उत्तर कुठल्याही कागदात नव्हतं. ते २८ फेब्रुवारी १७२८ रोजी पालखेडला मिळालं, दिल्लीतल्या त्या सकाळीला नऊ वर्षं झाली त्या तारखेला. मुंगी-शेवगावच्या तहात निजामाला शाहूंचा हक्क मानावा लागला.

म्हणून सनदांची किंमत काही नव्हती असं म्हणावं का? मला तसं वाटत नाही. मराठे चौथाई आधीपासूनच घेत होते. सनदेने त्यांना नवं उत्पन्न दिलं नाही. ते कोणाच्या नावाने घ्यायचं, हे तिने ठरवलं. बाळाजी विश्वनाथाने कागद दिल्लीहून आणला, पण तो दाखवायचा होता आपल्याच सरदारांना. वसूल हवा तर शाहूंच्या नावाने करा, मग ती लूट नाही, हक्क आहे. त्या जोरावर त्याने चौथाईची वाटणी बसवली. चौथाईतला चौथा भाग राजाचा, त्याला बाबती म्हणत. सहा टक्के साहोत्रा, तीन टक्के नाडगौंडा, आणि उरलेला मोठा भाग मोकासा म्हणून सरदारांचा. हक्क मुद्दाम निरनिराळ्या मुलखांत एकमेकांत गुंतवले, म्हणजे कोणालाच दुसऱ्यावाचून चालू नये. सरदारांना उत्तरेकडे पसरायचं बळ यातून मिळालं. प्रत्येकाने आपला मुलूख आपलाच समजायला लागावं, याचंही बी यातच होतं. पुढच्या शंभर वर्षांतलं मराठ्यांचं यश आणि त्यांची फाटाफूट, दोन्ही या वाटणीशी जोडता येतात.

तेव्हा ही मांडलिकी होती की विजय, या वादात मला आता फारसं काही सापडत नाही. कागदावर चाकरी होती. व्यवहारात ज्याची चाकरी करायची त्याची गादी डळमळत होती आणि ती डळमळताना आपले लोक जवळ उभे राहून पाहत होते. बाजीरावाने अठराव्या वर्षी दिल्लीत काय पाहिलं, ते १७३७ साली तो पुन्हा याच शहराच्या वेशीशी आला तेव्हा कळलं. पण हिशोब मांडताना दुसरी बाजूही मांडली पाहिजे. येसूबाईंची सुटका, सनदा, पुढचं सगळं साम्राज्य, याच्या खर्चाच्या रकान्यात किल्ल्यासमोर पडलेली ती दीड-दोन हजार माणसं आहेत. ती कुठल्या गावची होती, त्यांच्या घरी निरोप कोणी नेला, हे कुठल्या सनदेत लिहिलेलं नाही. भानूंच्या घराण्याकडे फडणिशी होती, नातू मोठा झाला, म्हणून आजोबांचं नाव राहिलं.

मामांचा कागद नवव्या दिवशी मिळाला. संध्याकाळी सदनात जाऊन मी त्यांचं सामान बांधायला मदत केली. कागद त्यांनी मला दाखवला. गोल शिक्का, खाली सही. आता काम झालं ना, असं मी म्हणाले.

"कसलं झालं," मामा म्हणाले. "आता हा घेऊन तलाठ्याकडे जायचं. मग शेजारच्या भावकीला दाखवायचा. खरं काम तिथून पुढे."

कागद फाइलीत ठेवून त्यांनी दोरी बांधली. मग जरा थांबून विचारलं, "ते बाजारात मेले, त्यांच्यात आपल्या साताऱ्याकडचेही असतील की गं?"

"असणारच," मी म्हटलं.

मामांनी मान हलवली, फाइल पिशवीत सगळ्यात खाली ठेवली आणि वर आपलं धोतर घडी करून घातलं.